फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला गेले तेव्हा माझ्या पोलक्यात पेन खोचलेलं होतं. शाईचं, निळ्या टोपणाचं. नांदेडला मी सातवी पास झाले म्हणून वडिलांनी दिलेलं. निलंग्याजवळच्या त्या गावात लग्न होऊन येऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात ते पेन मी एकदाही उघडलं नव्हतं, कारण लिहायचं कुणाला आणि काय. तरी रोज सकाळी ते खोचायला मी विसरत नसे. सासूबाई कपाळाला विभूती लावता लावता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "खडी फोडाय चाललीस का कचेरीला?"

या लोकांना काय कळतं, असा चेहरा करून मी निघत असे. एकोणीस वर्षांची होते. त्या पोरीची आज आठवण आली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, आणि लगेच तिला भाकरीही वाढावीशी वाटते. पोटात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीचा चतकोर आणि डोक्यात सातवीची सगळी पुस्तकं, अशी ती उन्हात बसलेली असायची.

काम गावाबाहेरच्या रस्त्याचं होतं. बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीसमोर दगडाचा ढीग. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे आणि उजव्या हातानं हातोडी चालवायची. माझ्या शेजारी अक्का बसायची. आमच्याकडून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, म्हणून मोठ्या बहिणीला अक्काच म्हणायची रीत. ती माझी कुणी नव्हती, गावातच चार घरं पलीकडं राहायची. पस्तिशीची असेल. दगडाकडे न बघता दगड फोडायची आणि सारखी बोलायची. पाऊस, मुकादम, स्वतःची सासू, मी, सगळ्यांना एकाच मापात घ्यायची.

मला लिहिता येतं हे कळल्यावर दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली माझ्याभोवती बायका जमू लागल्या. त्यांचे नवरे पाणी आणि काम शोधत गेले होते, कुणी हैदराबादेला, कुणी नांदेडला. पोस्टकार्ड घेऊन त्या यायच्या आणि मी एका सपाट दगडावर मांडी ठोकून पत्र लिहायची. काय तो माझा तोरा होता. बाई बोलायला लागली की मी हात वर करून तिला थांबवायची. "असं नसतं लिहीत. आधी मायना."

मायना म्हणजे काय ते मला शाळेत छडी खाऊन पाठ झालेलं होतं. वर मधोमध श्री. मग तीर्थरूप कुणी, चिरंजीव कुणी. मग 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून आपले क्षेम सदैव चिंतीत आहोत.' मग घरातल्या एकेका वडीलधाऱ्याचे आशीर्वाद. एवढ्यात अर्धं कार्ड संपायचं. मग बाईला जे सांगायचं असेल ते मी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, माझ्या शुद्ध भाषेत, कोंबायची. शेवटी चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. घरातून पुडी आणलेली असायची मी.

अक्काचा नवरा किनवटकडं एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. तिकडं जंगल होतं, हिरवं होतं, असं सगळे सांगायचे. एका दुपारी अक्का कार्ड घेऊन बसली. त्या दिवशी ती बोलत नव्हती. मी मायना संपवला तशी एकदम सांगायला लागली.

"लिव. पोरीचं लगीन ठरवून राहिलेत. सासऱ्यानं ठरवलं. गडी तीस वर्साचा हाय, पयली बायकू मेली त्याची. त्याच्या हिरीला पानी हाय म्हून देऊन राहिलेत. पोरगी बारा वर्साची हाय. अजून तिला लुगडं नेसता येईना. मी न्हाई म्हनले तं सासरा म्हनला, तुला कोन इचारतंय. तवा उठा आन् या. काम ऱ्हाऊ द्या. उठा आन् या."

मी लिहिलं. काय लिहिलं ते मला पाठ आहे, पुढं ते वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली म्हणून. मी लिहिलं, 'आपल्या चि. कन्येच्या शुभविवाहाचे योजिले आहे. स्थळ पाण्याच्या दृष्टीने चांगले आहे. तरी आपण सवडीने येण्याचे करावे.'

नवऱ्याला 'उठा आन् या' असं कुणी लिहितं का, असं मला वाटलं होतं. आणि दुष्काळी रस्त्यावर बसून 'शुभविवाहाचे योजिले' असं सुरेख वाक्य सुचल्याबद्दल मी दिवसभर स्वतःवर खूश होते. अक्काला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं हळदीकुंकवाकडे पाहिलं फक्त, आणि कार्ड टाकायला दिलं.

तीन आठवडे गेले. नवऱ्याचा पत्ता नाही. साखरपुडा होऊन गेला. लग्नाला आठ दिवस उरले. अक्काच्या हातोडीचा आवाज त्या दिवसांत बदलला होता, एकेक घाव फार वेळानं पडायचा.

मग एका दुपारी ती दुसरं कार्ड घेऊन आली आणि माझ्यासमोर टाकलं.

"आता मायना नको. एकच ओळ लिव. उठा आन् या. खाली माजं नाव. बास."

मी म्हटलं, "अक्का, निदान श्री तरी."

"श्री त्याला बी ठावं हाय."

मी लिहिलं. शाई वाळायच्या आत तिनं कार्ड उचललं आणि वरचा उजवा कोपरा टर्रकन फाडला.

आजच्या पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगते. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. असं कार्ड आलं की ते कुणी घरात घेत नसे. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, आणि डोक्यावरून पाणी घेऊन मगच आत यायचं. पोस्टमनसुद्धा ते दोन बोटांत लांब धरून द्यायचा. कुणी मेलेलं नसताना कार्डाचा कोपरा फाडणं म्हणजे जिवंत माणसाच्या नावानं मसणात मडकं फोडण्यासारखं. ओळीतल्या बायका हातोड्या धरून बघत राहिल्या.

मी घाबरून म्हटलं, "अगं, कुणी मेलं नाही आपल्यात."

"आठ दिसांनी मरंल," अक्का म्हणाली. "तवा लिवशील का क्षेम?"

पाचव्या दिवशी तो आला. निलंग्याला एसटीतून उतरून चालत आला होता. घराकडं न जाता थेट रस्त्याच्या कामावर आला आणि बाभळीपासून दहा पावलांवर थांबला. आपल्याला सुतक लागलं म्हणून बायकांच्या जवळ येईना. पायात वहाण नव्हती. कसाबसा म्हणाला, "कोन?"

अक्का बसल्या जागेवरून उठली नाही. हातातला दगड फोडून झाल्यावर म्हणाली, "कुनी न्हाई. पानी प्या आदी."

"कोन गं?"

"पोरगी घरी हाय. जित्ती हाय. तिला जित्तीच ठिवायची म्हून बोलीवलं."

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्याला राग आला. त्यानं एक दगड उचलला आणि लांब फेकून दिला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीतून घडी घातलेलं पहिलं कार्ड काढलं. माझं. हळदीकुंकवाचं.

"ह्यात तं क्षेम लिवलंय. वखारीच्या मुनशीनं वाचलं. दोन ओळी वाचल्या आन् म्हनला, सगळं क्षेम हाय लेका, खुशाल काम कर. म्या टोपीत ठिवलं, खुशालीचा कागद म्हून."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानं हात पुढं करून ते कार्ड घेतलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वाच बगू. पुरं वाच. मोट्यानं."

मी वाचलं. विनंती विशेष वाचलं, क्षेम वाचलं, सासऱ्यांचे आशीर्वाद वाचले. ज्या सासऱ्यानं पोरगी विहिरीला बांधली होती त्याचेच आशीर्वाद मी पाठवले होते. मग तळाची ओळ आली. शुभविवाहाचे योजिले. पाण्याच्या दृष्टीने. सवडीने. एकेक शब्द तोंडातून काढताना माझी जीभ खडी चावल्यासारखी झाली. नंतर आयुष्यात मी खूप टीका ऐकली, पण तसं कुणी मला उघडं पाडलं नाही.

अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "ही बाई कोन हाय? ही मी न्हाई."

आणि नवऱ्याला घेऊन घराकडं निघाली.

लग्न मोडलं ते मात्र भांडणानं नाही मोडलं. सासरा पुष्कळ ओरडला म्हणतात. तेव्हा अक्कानं पदर डोक्यावर घेऊन अगदी गरीब आवाजात त्याला विचारलं, "मामंजी, ह्यांच्या हाती फाटक्या कोपऱ्याचा कागद आला. त्यो ह्यांनी हातात घेतला. आता औंदा या घरात शुभ काम कसं व्हावं?" म्हातारा रीतिरिवाजाचा कट्टर. वरपक्षाकडं ही गोष्ट पोचली तेव्हा त्यांनीच निरोप धाडला की असला अपशकुन आमच्या दारात नको. पोरगी शाळेत गेली. आज ती स्वतः नातवंडं खेळवते.

त्यानंतर मी मायना लिहिणं सोडलं. बाई सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहू लागले. लई अवघड काम. मधूनच माझा हात 'आपण' आणि 'कृपया' लिहायला वळवळायचा. एकदा एका बाईनं नवऱ्याला गाढव म्हटलं तेव्हा मी विचारलं, "खरंच लिहू?" ती म्हणाली, "मंग काय घोडा लिवतीस?"

त्याच सवयीनं पुढं मी माझंही थोडं थोडं लिहायला लागले. वह्या साठल्या. दुष्काळानंतर काही वर्षांनी उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. एसटीच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांवर ओला रंग आला, आणि मी महिन्यातून एकदा लातूरच्या वाचनालयात जायला लागले. घरी सांगायची, दवाखान्यात जाते. तिथं मी बायकांनी लिहिलेली आयुष्यं वाचली. चुलीपुढं कोळशानं जमिनीवर अक्षर गिरवून लपून शिकलेल्या, नवऱ्याच्या मागं विधवापण काढलेल्या, तुरुंगात गेलेल्या, सभेत बोलायला उभं राहिल्यावर ज्यांना लोक हसले अशा. मला त्यांचा लई अभिमान वाटला. पण पानं चाळता चाळता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बहुतेकींच्या सुरुवातीला एक ओळ ठरलेली: माझ्यासारख्या अडाणी बाईने काय लिहावे. नाहीतर, यजमानांच्या आग्रहाखातर चार शब्द लिहीत आहे. त्याच्याही आधी कुण्या मोठ्या गृहस्थाची प्रस्तावना, भगिनीचा प्रयत्न स्तुत्य आहे अशी.

मी खुर्चीवर बसल्या बसल्या हसले. ग्रंथपालानं वर पाहिलं. बायांनो, म्हटलं, तुमचाही मायनाच आहे हा. इकडील सर्व क्षेम. वाचणाऱ्या मुनशीनं दोन ओळी वाचून कार्ड घडी घालावं म्हणून लिहिलेलं, आणि खरी गोष्ट तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. मग मी प्रत्येक पुस्तक तळापासून वाचायला शिकले. प्रस्तावना सोडायची, नवऱ्याची थोरवी सोडायची, आणि 'त्या दिवशी मात्र' असं जिथं येईल तिथं थांबायचं. तिथं बाई सापडायचीच.

आमच्या घराण्यात कन्नड वचनं, जुन्या शिवभक्तांची पदं, म्हणायची चाल. त्यातल्या आठशे वर्षांपूर्वीच्या बायका अक्कासारख्याच. घरातल्या नवऱ्याला हाकलून शिवाला नवरा म्हणणाऱ्या, सूत कातता कातता देवाला जाब विचारणाऱ्या. त्यांच्यात मायना नाही. आणि जात्यावरच्या ओव्यांतही नाही. कागद हाती आला तेव्हाच बायका नमस्कार करायला लागल्या की काय, असं मला वाटतं. मी तरी कागद मिळाल्यावरच बिघडले.

नव्या जिल्ह्यात उत्साह भारी. एका मंडळानं ठरवलं, जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं. संपादक एक कॉलेजातले सर होते. वाचनालयात माझी वही बघून त्यांनी मला लिहायला सांगितलं. मी अक्काच्या कार्डाची गोष्ट लिहून पाठवली, तिच्या बोलीत, गाळता न येणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट. आधी तिला विचारलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "लिव. पर या टायमाला म्या सांगितलं तेच लिव."

महिन्याभरानं छापायच्या आधीची प्रुफं आली, माझ्या मूळ पानांसकट. मी ओट्यावर उभ्या उभ्या वाचायला लागले आणि तिथंच खाली बसले. लेखाची सुरुवात होती: 'माझ्यासारख्या सामान्य स्त्रीने काय लिहावे.' पुढं, 'दुष्काळातही गावात एकोपा होता. आम्ही आनंदाने श्रम केले.' सासरा वत्सल झाला होता, परिस्थितीपुढं हतबल. तीस वर्षांचा गडी 'वयाने काहीसा प्रौढ' झाला होता. फाटका कोपरा नव्हताच. आणि अक्का दुसऱ्या पानावर नवऱ्याला लिहीत होती, 'आपण त्वरेने यावे ही नम्र विनंती.'

राग यायच्या आधी मला ओळख पटली. हे तर माझंच अक्षर. दहा वर्षांनी, टाईपात.

मी घरात जाऊन एक पोस्टकार्ड काढलं. एकच ओळ लिहिली: 'सर, उठा आणि या.' आणि वरचा उजवा कोपरा फाडला. आमच्या घरचे जेवत होते. त्यांनी हात थांबवून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "जाणार होतं. वाचेल आता."

चौथ्या दिवशी सर दुपारच्या एसटीनं आले. चेहरा उतरलेला. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, पाण्याला हात लावेनात.

"बाई, कोण गेलं?"

"अक्का."

"अरेरे. कधी?"

"तुमच्या छापखान्यात. दुसऱ्या पानावर."

सर चांगले गृहस्थ होते. आधी चिडले, मग घाम पुसत ओट्यावर बसले. म्हणाले, "बाई, जिल्ह्याचं हे पहिलं पुस्तक. बाहेरचे लोक वाचतील. आपला जिल्हा कसा दिसेल याचा विचार केला मी."

"जसा आहे तसा दिसेल."

"भाषा जरा शुद्ध केली एवढंच. भावना तीच आहे."

तेवढ्यात अक्का आली. कार्डाची बातमी तिला आमच्या घरच्यांनी हसत हसत सांगितली होती. तिनं सरांना बघितलं, खाली टेकली, आणि चौकशी करावी तसं विचारलं, "मास्तर, तुमची माय लिवायची का?"

"नाही," सर म्हणाले. "ती शिकलेली नव्हती. जात्यावर ओव्या म्हणायची."

"काय म्हनायची?"

सर हळू आवाजात म्हणाले, "बापाबद्दल म्हणायची. सासूबद्दल."

"चांगलं म्हनायची का?"

सरांनी मान हलवली. नाही.

"मंग ते बी सुद्द करून टाका," अक्का म्हणाली. "ती गेली असंल आता. इचाराय येनार न्हाई."

सरांनी पाणी प्यायलं. प्रुफं उचलली, माझी मूळ पानं परत मागितली आणि एसटी गाठायला निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "फाटका कोपरा राहू द्यावा म्हणता?" मी म्हटलं, "तोच पहिला."

पुस्तक आलं. माझा लेख शेवटी होता, सिमेंट आणि बियाणांच्या जाहिरातींना चिकटून, आणि खाली बारीक अक्षरात टीप: 'या लेखातील भाषा लेखिकेची आहे.' सरांनी ती वाचकांची माफी मागायला घातली असणार. मला कुणी शाल पांघरवल्यासारखं वाटलं.

मी ते घेऊन अक्काकडं गेले आणि पुरं वाचून दाखवलं, मोठ्यानं. तिची सून दारात येऊन उभी राहिली. उठा आन् या हे आलं तेव्हा अक्का हसली. सासऱ्याचा प्रश्न आला तेव्हा तिनं पदर सावरला, जणू आताच विचारून आली. संपल्यावर म्हणाली, "ही मी हाय."

मी सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात ती म्हणाली, "पर एक खोटं हाय. टोपी कामून लिवली? ह्यांनी जल्मात टोपी घातली न्हाई. पटका व्हता. पटक्यात कागद व्हता."

"मला टोपीच आठवते अक्का."

"तुला क्षेम बी आठवलं व्हतं. पेन दे."

मी दिलं. तेच, निळ्या टोपणाचं. तिनं ते हातोडीसारखं मुठीत धरलं. मी शब्दावर बोट ठेवून दाखवलं, आणि तिनं टोपीवर एक आडवी रेघ ओढली, कागद जवळजवळ फाटेल इतक्या जोरात. मग पेन परत देऊन शेंगा पुढं ओढल्या.

ती प्रत माझ्याजवळ आहे. वर मी पुन्हा टोपीच लिहिली आहे, कारण मला तीच आठवते. खोडायचं असेल तर तिनं यावं.